दोष गव्हाचा

माझ्या उजव्या कोपराचं ऑपरेशन झालं त्याला आता वर्ष होत आलं. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही आणि ते सांगायला मी बसलेही नाही. पण कुणाच्या कोपरात एखाद्या दिवशी 'कट्' असा आवाज आला असेल आणि घरातल्यांनी हळद लावून त्याला झोपवलं असेल, तर त्याने हे वाचावं. वाचून झाल्यावर हळद धुवावी आणि दवाखान्यात जावं.

आमचं घर वर्ध्याकडच्या सिंदी रेल्वे या गावात. मी आणि माझी धाकटी जाऊ वंदना, आम्ही दोघी लांब रोटीच्या ऑर्डरी घेतो. लग्न, बारसं, तेरवी, कुणाकडे पाहुणे. ज्यांनी ही रोटी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. लोकवन गव्हाची कणीक इतकी सैल भिजवायची की परातीत ठेवली तर पसरते. मग ती उचलून उचलून आपटायची, तार सुटेपर्यंत. त्यातला एक उंडा हातावर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर, मनगटावरून पार कोपरापर्यंत झुलवत वाढवायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही. झग्याच्या बाहीएवढी लांब झाली की चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर टाकायची. आमच्या दोघींत वाटणी ठरलेली होती. भिजवणं, आपटणं आणि चूल वंदनाकडे, रोटी वाढवणं माझ्याकडे. इतकी वर्षं तिने कधी रोटी हातावर घेतली नाही आणि मी कधी चुलीपुढे बसले नाही.

परात

अक्षय तृतीयेच्या लग्नांची गर्दी होती. ओट्यावर भिजवलेल्या कणकेची मोठी परात होती, ती घसरली. खाली फरशीवर पडली असती, एवढंच. पण आमच्या धंद्यात आपटून तयार झालेली कणीक म्हणजे पोटचं लेकरू. मी उजवा हात खाली घातला आणि परात झेलली. झेलली खरी, पण तिच्या वजनाने वाकलेला हात एका झटक्यात सरळ झाला आणि कोपराच्या पुढच्या बाजूला काहीतरी तुटलं. आवाज वंदनालाही ऐकू गेला.

"काय वाजलं वं बाई?"

"काई नाई, बांगडी असन," मी म्हणाले. बांगडी शाबूत होती.

दुसऱ्या दिवशी कोपरापासून मनगटापर्यंत हात जांभळा झाला. आंबेहळदीचा लेप लावला, एरंडाचं पान बांधलं. लग्नाची ऑर्डर कशीबशी पार पडली. पंधरवड्यात रंग उतरला, दुखणंही उतरलं. हात वाकत होता, सरळ होत होता. जेवता येत होतं, वेणी घालता येत होती. फक्त दंडात वरच्या बाजूला एक गोळा दिसायला लागला आणि ब्लाउजची बाही तिथे घट्ट व्हायला लागली. आमच्या ह्यांनी तो पाहिला आणि म्हणाले, "अवं, तुले त बेडकुळी आली! आखाड्यात नाव टाकतो तुहं." मी हसले. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं होतं. इतकी वर्षं कणीक झुलवते आहे, दंड भरला असेल.

गहू, गिरणी, पाणी, मडकं

त्यानंतर माझी रोटी फाटायला लागली.

लांब रोटी फाटली की या कामातली कुठलीही बाई एकच गोष्ट म्हणते, गहू खराब. आमची आई हेच म्हणायची, सासूबाई हेच म्हणायच्या. त्यामुळे मीही म्हणाले आणि सगळ्यांनी मान डोलावली. ह्यांनी गहू बदलून आणला. तरी रोटी फाटली. मग मी गिरणीवाल्या गुणवंतभाऊंच्या दारात जाऊन उभी राहिले. तुमच्या जात्यात काहीतरी बिघडलंय म्हणाले.

"बाई, जातं थेच, पट्टा थोच, अन मीबी थोच," ते हात जोडून म्हणाले. "तुम्ही माह्यावर काहाले रागावून राह्यल्या?"

मी दुसऱ्या गिरणीत दळण टाकलं. नळाचं पाणी सोडून विहिरीचं पाणी वापरून पाहिलं. कुंभाराकडून नवं मडकं आणलं, म्हणजे रोटी मडक्यावर पोचायच्या आधीच फाटत होती तरीही. एक गोष्ट मात्र डोळ्यांसमोर असून दिसली नाही. रोटी दरवेळी एकाच ठिकाणी फाटायची. उजवा तळहात आभाळाकडे वळवून मी तिला डाव्या हातावर टाकते ना, बरोबर त्या वळणावर, उजव्या काठाला. गहू खराब असता तर ती कुठेही फाटली असती.

शिवाय हाताच्याही तक्रारी होत्या. कुलपाची किल्ली फिरवताना जोर लागत नव्हता. बरणीचं झाकण वंदना उघडून द्यायची. डाव भरून वरण वाढताना डाव कलंडायचा. कपडे पिळले की दंडात गोळा यायचा आणि कळ मारायची. पण वय झालं म्हटलं की सगळं बसतं त्यात. पावसाळ्यात तशाही ऑर्डरी कमीच असतात, दिवस निघून गेले.

तुळशीचं लग्न झालं आणि पुन्हा लग्नं सुरू झाली. हिंगणघाटकडच्या एका लग्नात मोठी ऑर्डर होती. आमच्यासोबत यजमानांनी वडनेरच्या एका मावशींनाही बोलावलं होतं. माझ्या पहिल्या चार रोट्या फाटल्या. लाजेने मला घाम फुटला. मी मावशींना म्हणाले, "गहूच बेक्कार निघाला यंदा."

मावशींनी आमच्याच परातीतला उंडा उचलला. एक वळण, दोन वळणं, तीन. रोटी त्यांच्या कोपराखाली पोचली आणि मडक्यावर जाऊन बसली. अख्खी. मग दुसरी, मग तिसरी.

मी तिथे उभी राहून पाहत होते. वंदना चुलीपुढून उठली, माझ्या जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, गहू चांगला हाय वं."

गहू चांगला होता, म्हणजे माझा हात वाईट होता.

बोट आत गेलं

वर्ध्याजवळच्या मोठ्या हॉस्पिटलात हाडांच्या विभागात गर्दी होती. डॉक्टर तरुण होते. काय त्रास होतो विचारलं, तर माझ्या तोंडून निघालं, "रोटी फाटते." बाकावरचे दोघे-तिघे हसले. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "कशी करता, करून दाखवा."

मग मी भर ओपीडीत, हातात काही नसताना लांब रोटी केली. ते खुर्ची सरकवून बघत राहिले. म्हणाले, "पुन्हा करा." मी पुन्हा केली. "तळहात वर वळवायची वेळ आली की तुम्ही हात वळवत नाही, खांदा झुकवता. तुम्हाला माहीत आहे का हे?" मला माहीत नव्हतं.

त्यांनी माझा डावा हात काटकोनात धरला आणि कोपराच्या खळीत बाजूने बोट घातलं. बोटाला दोरीसारखं काहीतरी ताठ लागलं, ते त्यांनी मलाही चाचपायला लावलं. मग उजवा हात. तिथे त्यांचं बोट सरळ आत गेलं. अडवायला काही नव्हतंच.

दंडाच्या स्नायूला कोपराखालच्या हाडाशी बांधणारी ती दोरी, तिला ते टेंडन म्हणत होते, तुटून वर सरकली होती. माझी बेडकुळी म्हणजे बंधच नसलेला, वर गोळा होऊन बसलेला स्नायू होता. मशीनमधल्या फोटोतही तेच आलं. ताजं तुटलेलं असतं तर ओढून परत हाडाला बसवता आलं असतं. आता ती आखडली होती, हाडापर्यंत पोचणार नव्हती. मांडीच्या मागच्या बाजूची एक दोरी काढून इथे जोड द्यावा लागणार होता.

"अन नाई केलं ऑपरेशन तर?" ह्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. ऑपरेशनशिवायही जगता येतं म्हणाले. जेवण, आंघोळ, साडी नेसणं, साधी पोळी लाटणं, सगळं होईल. वळवण्याचा जोर मात्र परत येणार नाही. ऑपरेशन केलं तर बराचसा येईल, पण जुनं प्रकरण आहे, पूर्ण येईलच असं लिहून देता येणार नाही.

घरातली लढाई

घरी आल्यावर हे बोलले. "चांगला खाता-पिता हात कापून घ्याले कोन सांगतलं? सोड थे रोट्या आता. पुष्कळ केल्या."

नागपूरला नोकरी करणारी आमची मुलगी फोनवर बापाच्याच बाजूने होती. आई, तू आता आराम कर, म्हणाली. दोघांचं प्रेमच होतं त्यात, मला कळत होतं. तरी मला राग आला, आणि तो गिळायची माझी तयारी नव्हती. आराम कर म्हणायला त्यांना सोपं होतं. लग्नघरात लोक ताट घेऊन जेवायचं सोडून माझ्याभोवती उभे राहतात, म्हाताऱ्या बाया नातवांना उचलून दाखवतात, ते ह्या दोघांनी किती वेळा पाहिलं होतं? मला जेवायला हात नको होता. जेवायला तर डावाही चालला असता. मला रोटी करायला हात पाहिजे होता.

"तुमची ऑफिसातली नोकरी सुटली असती तर तुम्ही असं म्हटलं असतं का?" मी विचारलं. ह्यांनी पेपर तोंडापुढे धरला. उलटा नव्हता, पण वाचतही नव्हते.

शेवट वंदनाने केला. ती दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "भाऊजी, बाईचा हात गेला त माहा बी गेला. मी काय निस्ती चूल फुकत बसू? करून घ्या म्हनते मी."

संक्रांतीच्या आधीची तारीख मिळाली.

वॉर्ड

माझा हात नुसता बधिर केला होता, पायासाठी कमरेत सुई दिली होती. मी जागीच होते. पडद्यापलीकडे माणसं हळू आवाजात बोलत होती आणि एक सिस्टर माझ्या डोक्याशी बसून मला लांब रोटीची कृती विचारत होती. तिला खरंच हवी होती की मला गुंतवायला विचारत होती, अजून कळलेलं नाही. देव तिचं भलं करो. मी अख्खी कृती सांगितली, मीठ कधी घालायचं तेही.

खरी भीती नंतर वाटली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की कोपराजवळून बोटांची एक नस जाते, ती दुखावू शकते. ऑपरेशननंतर हात प्लास्टरच्या पट्टीत काटकोनात बांधलेला होता, बोटं तेवढी बाहेर. दुसऱ्या दिवशी सकाळी बधिरपणा उतरायला लागला. चार बोटं हलली. अंगठा हलेना. मी त्याच्याकडे टक लावून बसले. हे चहा आणायला गेले होते. डाव्या हाताने मी डोळे पुसत राहिले. एक रोटी एका अंगठ्याने होत नाही, पण अंगठ्याशिवायही होत नाही.

शेजारच्या पलंगावर आंजी मोठी गावच्या शांताबाई होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं, सून सोबत. त्यांनी माझा चेहरा पाहिला.

"काऊन रडून राह्यली वं माय?"

"अंगठा उठत नाई आजी."

"उठन. अंगठा हाय थो, आळशी रायते. तू त्याच्याकडं नको पाहू. इकडं पाह्य, माह्यासंग बोल." आणि त्यांनी मला स्वतःच्या बारा म्हशींची नावं सांगायला सुरुवात केली. म्हशी कधीच्या विकल्या होत्या, नावं तेवढी राहिली होती. सातव्या-आठव्या म्हशीला हे चहा घेऊन आले. मी डाव्या हाताने कप धरला आणि आजींची सून ओरडली, "हालला! बाई, हालला तुमचा अंगठा!"

एवढासाच हलला होता. ह्यांनी कप बाजूला ठेवला आणि माझ्या अंगठ्याला हात लावून पाहिला.

मांडीची दोरी हाताला लावली हे कळल्यावर आजींनी कपाळाला हात लावला. "पायाचं हाताले? काय बाप्पा, आता हात चालाले लागन तुहा, सांभाळजो." खुब्याची कळ येत असताना हसवणाऱ्या त्या बाईचं ऋण मी कसं फेडू? नंतर आम्ही एकदा आंजीला जाऊन त्यांना भेटून आलो. काठी घेऊन अंगणात फिरतात.

वेणी

घरी आल्यावर कळलं की एका हाताने बाईला काय काय करता येत नाही. वंदनाने माझ्या मॅक्सीची उजवी बाही उसवून तिला बंद लावून दिले. आंघोळ तीच घालायची. पण सकाळी तिची घाई, म्हणून केस ह्यांच्याकडे आले. लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्या केसांना त्यांनी कंगवा लावलेला नव्हता. पहिली वेणी बैलाच्या वेसणीसारखी झाली होती. मी आरशात पाहून खूप हसले आणि ते चिडले. "तूच करून घे मंग!" दुसऱ्या दिवशी पुन्हा कंगवा घेऊन हजर. महिनाभरात त्यांची वेणी माझ्यापेक्षा सरळ यायला लागली. ऑफिसातून आले की विचारायचे, "सुटली त नाई?"

मधले दिवस काही गोड नव्हते, तेही लिहायला हवं. हाताच्या बाहेरच्या अंगाला एक पट्टा कित्येक आठवडे बधिर होता. पट्टी निघाली तेव्हा हात सरळ होईना. दंड काठीसारखा बारीक झाला होता. फिजिओथेरपीच्या मॅडम सांगायच्या, कोपर कमरेला चिकटवा, पळी टोकाला धरा, तळहात आभाळाकडे, तळहात जमिनीकडे. पळी अर्ध्या वाटेवर थरथरत थांबायची. अधीर झालात तर जोड तुटेल, आळस केलात तर आखडेल, असं त्या म्हणायच्या, आणि मी दोन्हीच्या मध्ये रडत बसायचे. वंदनावर विनाकारण ओरडायचे.

आणि तिच्यावर ओरडायला कारणही भरपूर होतं, कारण मी तिला रोटी शिकवत होते. ऑर्डरी बंद ठेवणं परवडणार नव्हतं. मी खुर्चीवर, हात गळ्यात, आणि ती परातीपुढे. तिची पहिली रोटी तिच्या डोक्यावर पडली. "बाई, हे मले नाई जमत!" म्हणून ती आत निघून गेली, केस धुऊन परत आली. फाल्गुनात तिच्या रोट्या मनगटाच्या पुढे जायला लागल्या. उन्हाळ्याच्या लग्नांत तिने एकटीने ऑर्डर काढली, चुलीवर शेजारची एक बाई घेतली. मी घरी बसून देवाला हात जोडले. जोडले म्हणजे खरोखर जोडले, तोवर दोन्ही तळहात एकमेकांपर्यंत पोचायला लागले होते.

आखाडी

आषाढात डॉक्टरांनी मोकळीक दिली. हळूहळू सगळं करा म्हणाले. मी विचारलं, रोटी? ते म्हणाले, "करा आणि मला सांगा."

आमच्याकडे आखाडीला, म्हणजे आषाढी पौर्णिमेला, घरात गोडधोड, तळण असतं. त्या दिवशी मी लांब रोटी करायचं ठरवलं, फक्त घरच्यांसाठी. ह्यांनी त्यासाठी नव्या व्यापाऱ्याकडून नवा गहू आणला होता. मूठभर दाणे हातावर घेऊन सगळ्यांना दाखवत होते. "दाना पाह्य कसा चमकून राह्यला!" मुलगी नागपूरहून आली होती. वंदनाने कणीक भिजवली, आपटली, मडकं तापवलं. मग मी उंडा उचलला.

पहिलं वळण. दुसरं. तिसऱ्या वळणाला तळहात आभाळाकडे वळला आणि रोटी फाटली.

मी फाटलेली कणीक परातीत टाकली. दुसरा उंडा घेतला, तोही फाटला. मुलगी म्हणाली, "आई, राहू दे ना, आपण साध्या पोळ्या करू," आणि तिच्या त्या समजुतीच्या आवाजानेच मला रडू फुटलं. एवढं सगळं करून, मांडीतली दोरी काढून, सगळ्या घराला कामाला लावून शेवटी हेच.

वंदना चुलीपुढून उठली. "सरका बाई," म्हणाली. मी सरकले. तिने उंडा घेतला. उन्हाळाभर ज्या हाताने लग्नं काढली होती, त्या हाताने तिने रोटी झुलवली आणि ती दुसऱ्याच वळणाला फाटली. तिने दुसरा उंडा घेतला. तोही फाटला. मग तिने परातीतली माझी फाटकी रोटी उचलून पसरली आणि मला दाखवली.

ती मधोमध फाटली होती. काठ अख्खे होते. उजवा काठ, जो ऑपरेशनआधी दरवेळी फाटत होता, तो एका सरळ रेघेत होता.

वंदनाने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग ती वळून ओरडली, "भाऊजी! गहू बेक्कार हाय!"

आम्ही दोघी परातीशेजारी खाली बसलो आणि पोट धरून हसलो. मी रडतही होते, कोण काय ते कळत नव्हतं. मुलगी घाबरून विचारत होती, काय झालं, काय झालं. हे हातात गव्हाची मूठ घेऊन दारात उभे होते आणि म्हणत होते, "असं कसं होईन? दाना त चांगला होता!"

त्या दिवशी आमच्या घरी सगळ्यांनी हंगामातल्या शेवटच्या आमरसासोबत रोटीचे तुकडे खाल्ले. दुसऱ्या दिवशी मी स्वतः गुणवंतभाऊंच्या गिरणीवर गेले, त्यांच्या घरच्या गव्हाचं पीठ मागून आणलं आणि पहिलीच रोटी माझ्या कोपराच्या खाली उतरली.